जुळाऱ्याची जुळी

स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या तुकड्यांतून इंग्रजी शब्द मांडायच्या खेळाचा, पट मांडला की अण्णा तो कधीच आपल्याकडे फिरवून घेत नाहीत. लहानपणी आम्ही बहिणी त्या बाजूवरून भांडायचो. शब्द सुलटे दिसावेत म्हणून ताई आधीच चटईचा तो कोपरा अडवून बसायची. अण्णा निमूट समोर बसायचे, अक्षरं डोक्यावर उभी दिसतात त्या बाजूला, आणि आमच्या आधी शब्द वाचून मोकळे व्हायचे. सोळाव्या वर्षापासून त्यांनी अक्षरं उलटीच वाचली होती. अण्णा जुळारी होते.

हा शब्द आता समजावून सांगावा लागतो. छापखान्यात शिशाचे खिळे एकेक उचलून त्यांच्या ओळी लावायच्या, म्हणजे जुळवायच्या. ते काम करणारा तो जुळारी. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ लावायची छोटी पट्टी, समोर तिरकी ठेवलेली केस. केस म्हणजे उथळ लाकडी खण, त्यात लहान लहान घरं, आणि दर घरात एकाच अक्षराचे खिळे. उजवा हात न बघता बरोबर त्या घरात जातो, खिळा उचलतो, डाव्या हाताचा अंगठा तो स्टिकमध्ये धरून ठेवतो. ओळ डावीकडून उजवीकडेच वाढते, पण प्रत्येक अक्षर खाली डोकं वर पाय, आणि वर आरशात दिसावं तसं. बी, डी, पी आणि क्यू ही चार इंग्रजी अक्षरं तिथे एकमेकांची सोंगं घेऊन बसतात. नवा पोरगा या चौघांत हमखास फसायचा, असं अण्णा सांगतात.

छापखाना शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर होता. दोन ट्रेडल मशिनं, शाईचा आणि रॉकेलचा वास. कामं किरकोळ: लग्नपत्रिका, हँडबिलं, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी. अण्णांचं शिक्षण मराठी शाळेत नववीपर्यंत. इंग्रजी त्यांना बोलता येत नव्हतं, आजही येत नाही. पण इंग्रजी अक्षरांची त्यांच्या बोटांना जी ओळख होती, ती मी पुढे इंग्रजी घेऊन एम. ए. केलेल्या माणसांतही पाहिली नाही.

१९८४ च्या उन्हाळ्यात अण्णा जुन्या बाजारातून स्क्रॅबलची पेटी घेऊन आले. झाकण फाटलेलं, नियमांचा कागद गायब. पटाच्या कडेला मात्र कोणत्या अक्षराचे किती तुकडे, हे छापलेलं होतं. खेळ काय असतो हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. अण्णांनी पेटी चटईवर पालथी केली आणि हिशेब सुरू केला. ई १२, ए ९, आय ९, ओ ८, एन, आर आणि टी सहा-सहा. क्यू एक, झेड एक. दोन कोरे, कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारे. एकूण १०० हवेत, पेटीत भरले ९७. दोन ई आणि एक टी कमी होता. पण मला आठवतं ते त्यांचं पुढचं वाक्य. कडेची यादी बोटाने पुन्हा वाचून ते म्हणाले, "हे तर केसचंच माप आहे."

इंग्रजी केसमध्ये सगळ्यांत मोठं घर ईचं असतं, कारण इंग्रजी मजकुरात तोच सगळ्यांत जास्त लागतो. क्यू, झेड, एक्स, जे यांची घरं कोपऱ्यात, चिमूटभर. तेच प्रमाण त्या पेटीत होतं. अण्णांचा अंदाज किती नेमका होता हे मला कित्येक वर्षांनी कळलं. हा खेळ शोधणारे आल्फ्रेड मोशर बट्स हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. १९३०च्या आसपासच्या महामंदीत त्यांची नोकरी गेली. रिकाम्या हातांनी त्यांनी वर्तमानपत्रांची पानं घेतली आणि कोणतं अक्षर किती वेळा येतं ते एकेक करून मोजलं. त्यावरून किती तुकडे आणि किती गुण ते ठरवलं. एस मात्र त्यांनी मुद्दाम फक्त चार ठेवले, नाहीतर ज्याच्या त्याच्या हातात शब्दाचं अनेकवचन करण्याची सोपी युक्ती आली असती. पुढे जेम्स ब्रुनो यांनी तो खेळ हाती घेतला आणि १९४८ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी मोर्सचे सहकारी आल्फ्रेड व्हेल यांनी तारेची लिपी बांधताना हीच गरज वेगळ्या रस्त्याने भागवली होती. न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउनच्या एका वर्तमानपत्राच्या छापखान्यात जाऊन त्यांनी केसच्या घरांतले खिळे मोजले. म्हणून तारेत ई म्हणजे एकच टिंब. जुळाऱ्याच्या केसमध्ये भाषेचं वजन आयतंच मांडून ठेवलेलं असतं, हे व्हेल यांना उमगलं होतं.

कमी पडलेले तीन तुकडे अण्णांनी छापखान्यातल्या लाकडी पट्टीतून कापले, घासले आणि त्यांवर काळ्या शाईने अक्षरं काढली. घरात आम्ही त्या तुकड्यांना खिळेच म्हणायचो, आजही म्हणतो. ते तीन घरगुती खिळे बाकीच्यांपेक्षा किंचित जाड झाले होते. न बघता खिळे काढायला पिशवीत हात घातला की बोटांना कळायचे, आणि अण्णांच्या बोटांना तर काय, कोऱ्या खिळ्याचा गुळगुळीतपणाही लागायचा. म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांनी स्वतः पिशवीत हात घालणं बंद केलं. त्यांचे खिळे ताई काढून द्यायची. स्पर्धांमध्ये या चोरीला 'ब्रेलिंग' म्हणतात आणि ती टाळायला पिशवी उंच धरावी लागते, हे मी तिशीत शिकले. आमच्या घरी नियमांचा कागद नव्हता, पण हा नियम होता.

आता वहीबद्दल.

पेटी येण्याच्या वर्षभर आधी छापखान्यात एका दूधवाल्याचं काम आलं होतं. इंग्रजीत बिलबुकं हवी होती, वर दुकानाचं नाव आणि त्यापुढे 'डेअरी'. अण्णांनी ते जुळवलं. प्रूफ निघालं, तपासलं गेलं, ५० बिलबुकं छापून, शिवून, क्रमांक मारून तयार झाली. दूधवाले न्यायला आले तेव्हा त्यांच्या शाळकरी मुलाने वाचलं आणि म्हणाला, हे तर डायरी आहे. डी-ए-आय-आर-वायच्या जागी डी-आय-ए-आर-वाय. दोन खिळ्यांनी जागा बदलल्या होत्या. ट्रेडलवर चढवताना कोणाला दिसलं नाही, प्रूफ वाचणाऱ्यालाही नाही, कारण डायरी हाही शब्दच आहे. चुकीचा शब्द डोळ्याला खुपतो. दुसरा खराखुरा शब्द खुपत नाही, तो साळसूदपणे निघून जातो. कागदाचे पैसे अण्णांच्या पगारातून तीन महिने वळते झाले.

त्यानंतर त्यांनी एक छोटी वही केली. छापखान्यात उरलेल्या कागदाच्या कापांची, स्वतः शिवलेली. तिच्यात ते अशा जोड्या लिहू लागले, ज्यांत खिळे तेच पण जागा बदलली की शब्द बदलतो आणि प्रूफात सापडत नाही. फॉर्म आणि फ्रॉम ही तर जुळाऱ्यांची नेहमीची खोड. क्वाएट आणि क्वाइट. एंजल आणि अँगल. ट्रायल आणि ट्रेल. युनायटेड आणि अनटाइड, म्हणजे एकत्र आलेले आणि सुटलेले. सेक्रेड आणि स्केअर्ड, पवित्र आणि घाबरलेला. यातल्या निम्म्या शब्दांचा अर्थ त्यांना येत नव्हता. तो ते छापखान्याच्या मालकांना विचारायचे, आणि मालकांनी सांगितला की समोर बारीक अक्षरात मराठीत लिहायचे. ही वही भीतीतून जन्माला आली होती. पुन्हा पगार कापला जाऊ नये एवढाच तिचा हेतू.

स्क्रॅबल आलं आणि त्याच वहीला घरात वेगळाच भाव आला. आम्ही दोघी मराठी शाळेत, इंग्रजी पाचवीपासून. ताईला शे-दोनशे शब्द येत असतील, मला त्याहून कमी. पण खेळात शब्द येण्यापेक्षा हातात आहेत त्या खिळ्यांतून दुसरा शब्द काढता येणं मोठं असतं, आणि त्याचं भांडार वहीत होतं. मला आठवणारा पहिला धक्का टी-ई-एचा. मी 'टी' मांडला, चहा. अण्णा म्हणाले, याच तिघांचा 'ईट' होतो, खाणे. आणि 'एट' पण, खाल्लं. तीन खिळे, आणि त्यांतून चहा, खाणं, खाऊन झालेलं. पुढे शब्दकोश आला तेव्हा आणखी दोन सापडले: 'ईटा' हे ग्रीक अक्षर आणि 'टे' हा स्कॉटिश शब्द. तीन खिळ्यांत पाच शब्द.

इथे लिहिताना मला एक अडचण येते आहे, आणि तिच्यातच या खेळाचं सगळं मर्म आहे असं मला वाटतं. टी, ईट, एट हे तीन शब्द देवनागरीत लिहिले की त्यांचं नातं पुसलं जातं. स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स, पॉट्स, ऑप्ट्स: ओ, पी, एस, टी या चार अक्षरांचे सहा शब्द, इंग्रजीत सख्खी भावंडं. मराठीत लिहिल्यावर दूरचे नातलगही दिसत नाहीत. प्लेट आणि पेटल यांच्यात काही साम्य ऐकू येतं का? लेप्ट आणि प्लीट हेही त्याच पाच अक्षरांचे. नाइट आणि थिंग हे तर पूर्ण परके वाटतात, पण दोघांचे खिळे एकच. कानाला काही कळत नाही, कारण इंग्रजी अक्षर जागा बदललं की आवाजही बदलतं. ई कधी ई म्हणतो, कधी ए म्हणतो, कधी गप्प राहून शेजारच्याचा आवाज लांबवतो. लिसन आणि सायलेंट या जोडीचं कौतुक सगळे करतात. मला त्यातला टी आवडतो. ऐकायचं म्हणतात तिथे तो गप्प असतो, आणि गप्प राहायचं म्हणतात तिथे बोलतो.

आपल्याकडे असं नाही. क, म, र घ्या. मकर, कमर, रकम. तिन्हींत क हा कच आहे, म हा मच. जहर आणि हजर. मगर आणि गरम. कपट, टपक, पटक. नवस आणि वसन. काना-मात्रा ज्याची त्याच्या अंगाला चिकटवूनही होतं: नदी आणि दीन, मका आणि काम, कडा आणि डाक, सखा आणि खास. ही जुळी कानाला लगेच पटतात, कारण आपलं अक्षर आपला आवाज बरोबर घेऊन फिरतं. म्हणून आपल्या लोकांनी या अदलाबदलीचा मागही आवाजावरून काढला. संस्कृत वैयाकरणांनी 'सिंह' हा शब्द 'हिंस्' या धातूतल्या वर्णांची अदलाबदल होऊन आला असं सांगितलं आणि तिला वर्णविपर्यय असं नाव दिलं. माझी आजी नुकसान न म्हणता नुस्कान म्हणायची, तोही तोच प्रकार. वाराणसीची बनारस होताना र आणि ण यांनी जागा बदलल्याच की. इंग्रजीतही बोलता बोलता असं झालं आहे, तिथल्या पाखराचा आजचा 'बर्ड' पूर्वी 'ब्रिड' होता.

अण्णा मराठी जुळवताना ओठांत पुटपुटायचे. शब्द तोंडात, हात केसवर, दोन्ही एका चालीत. इंग्रजी जुळवताना तसं करता यायचं नाही, कारण शब्दाचा उच्चार हाताला वाट दाखवत नाही. म्हणून ते अक्षरांची नावं म्हणायचे, पाढे म्हणावेत तशी. क्यू-यू-आय-ई-टी. क्यू-यू-आय-टी-ई. मी लहानपणी शेजारी बसून ऐकायचे. इंग्रजी शब्द मला आधी असे पाढ्यासारखे पाठ झाले, त्यांचे उच्चार शाळेत नंतर कळले आणि अर्थ त्याहूनही नंतर. इंग्रजी शिकवण्याच्या कोणत्याही पुस्तकात हा क्रम सांगितलेला नसतो. माझं इंग्रजी त्याच क्रमाने आलं आणि घट्ट बसलं.

आता खेळणाऱ्यांसाठी थोडं बारकाईने. तीन-चार अक्षरांचे हे शब्द गुणांना फार देत नाहीत. 'टी'चे फक्त तीन गुण. तरी चांगला खेळाडू टी, ईट, एट, ईटा आणि टे यांतला कोणता मांडायचा यावर एक मिनिट घालवतो, कारण गुण पाचांचे सारखे असले तरी पुढची दारं वेगवेगळी उघडतात. खेळाडू त्याला हुक म्हणतात, मांडलेल्या शब्दाच्या आधी किंवा नंतर एक खिळा लावून नवा शब्द करणं. 'एट'च्या आधी जागा ठेवलीत तर डेट, फेट, गेट, हेट, लेट, मेट, रेट, सगळेच आत येतील. 'ईट'च्या आधी बीट, हीट, मीट, नीट, सीट. 'ईटा'च्या आधी बी लावला तर बीटा, एफ लावला तर फेटा नावाचं चीज, आणि झेड लावला तर झीटा, म्हणजे दहा गुणांचा खिळा प्रतिस्पर्ध्याने फुकट खपवलाच. 'टी'च्या आधी मात्र काही लागत नाही. तो पुढून बंद आणि मागून उघडा: टीक, टील, टीम, टिअर. पुढे असताना मी टी मांडते, दार लावून घेतल्यासारखा. मागे पडले असेन तर एट मांडते, कोणीतरी आत यावं, पट मोकळा व्हावा म्हणून. खिळे तेच तीन.

दोन अक्षरी शब्दांतही अशी जुळी भरपूर आहेत: नो आणि ऑन, ॲम आणि मा, इट आणि टी (हा टी-आयचा), हो आणि ओह. आणि एम आणि मी. या शेवटच्या जोडीवरून आमच्या घरी मोठं भांडण झालं होतं. अण्णांनी पटावर ई-एम लावला. मी म्हणाले, एम हे अक्षर आहे, शब्द नाही. ताईने माझी बाजू घेतली. अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी छापखान्यातून शिशाचा एक चौकोनी तुकडा आणून माझ्या तळहातावर ठेवला. जितका उंच तितकाच रुंद, वर अक्षर नाही. "हा एम. ओळीत मोकळी जागा सोडायला घालतात. याचा अर्धा तो एन." शब्दकोशात बघितलं, दोन्ही होते. त्या रात्री मी त्यांना तेवढे गुण परत दिले, आणि तो तुकडा अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर अण्णा आपल्या धंद्यातले शब्द शोधून त्यांची जुळी काढू लागले, आणि वहीचा तो भाग मला सगळ्यांत प्रिय आहे. छापखान्यातला एकेक खिळा म्हणजे इंग्रजीत 'सॉर्ट'. त्याच चार अक्षरांचे रॉट्स, टॉर्स आणि ऑर्ट्स, म्हणजे ताटातलं उष्टं उरलेलं. ओळींमध्ये घालायची शिशाची पट्टी ती 'लेड', आणि तिचे डील, डेल, लेड, हा शेवटचा एल-ए-डी-ईचा, ओझं लादणे. शाई म्हणजे 'इंक', आणि खिळे फिरवले की 'किन', आप्त. त्यापुढे अण्णांनी कंसात 'शाईचे सगेसोयरे' असं लिहून ठेवलंय. आणि 'स्टेट', एस-टी-ई-टी, देशाचा स्टेट नव्हे. प्रूफ तपासणाऱ्याने एखादा शब्द खोडला आणि मग लक्षात आलं की आधीचाच बरोबर होता, तर खोडलेल्या शब्दाखाली ठिपके देतात आणि समासात हा लॅटिन शब्द लिहितात, म्हणजे राहू द्या. त्याच खिळ्यांचा 'टेस्ट', आणि बिज्जू नावाच्या प्राण्याचं बीळ तो 'सेट', दोन टीचा.

स्पर्धा खेळू लागल्यावर मला कळलं की जगभरचे खेळाडू वहीऐवजी वेगळी पद्धत वापरतात. हातातले खिळे वर्णमालेच्या क्रमाने लावायचे. टी, ईट, एट, तिन्हींची चावी एकच: ए-ई-टी. स्टॉपच्या सगळ्या भावंडांची ओ-पी-एस-टी. मग मेंदूला ती चावी दिली की अख्खं कुटुंब बाहेर येतं. याला ते अल्फाग्राम म्हणतात. ही युक्ती खेळापेक्षा खूप जुनी आहे. रॉबर्ट हुक यांनी १६७६ मध्ये स्प्रिंगच्या ताणाचा आपला नियम कोणी चोरू नये म्हणून असाच क्रमाने लावून छापला होता. सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही, एवढंच. वाचणाऱ्याला काही कळू नये, पण शोध आधी आपलाच होता हे नंतर सिद्ध करता यावं. दोन वर्षांनी त्यांनी त्या चौदा अक्षरांतलं लॅटिन वाक्य उघड केलं: जसा ताण, तसं बल. शाळेत हुकचा नियम शिकले तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर मी भौतिकशास्त्र जास्त मनापासून केलं असतं.

छोट्या शब्दांची ही सवय मोठ्या शब्दांतही उपयोगी पडते. ए-ई-आय-एन-आर-टी ही सहा अक्षरं हातात आली की खेळाडूचं काळीज धडधडतं. त्यांचे रेटिना आणि रिटेन तर होतातच, पण सातवं अक्षर जवळजवळ कोणतंही आलं तरी शब्द होतो, आणि सातही खिळे एकदम लागले की वरचे ५० गुण. सी आला तर सर्टन, डी आला तर ट्रेन्ड, जी आला तर ग्रॅनाइट, एच आला तर हेअरनेट. पी आला तर एकदम तीन: पेंटर, पर्टेन, रिपेंट. तरी अण्णांना सात अक्षरांचं फार कौतुक नाही. "लांब शब्द ओळ भरतो," ते म्हणतात, "पण ओळ बसवतात ती छोटीच." जुळाऱ्याला ओळ दोन्ही कडांना घट्ट बसवावी लागते, सैल राहिली तर छापताना खिळे निघून येतात. पटावरही ते तसंच खेळतात, दोन-तीन अक्षरांनी भोकं बुजवत, कडेकडेने.

छापखाना १९९३ मध्ये बंद झाला. संगणकावर अक्षरजुळणी होऊ लागली होती, तिथे खिळ्यांचं काही काम नव्हतं. केसेस रिकाम्या करून खिळे किलोवर विकले गेले. शिसं, अँटिमनी, कथील, एवढाच त्यांचा भाव. मराठीच्या केसेसना जास्त वजन आलं, कारण जोडाक्षरं आणि अर्धी अक्षरं धरून देवनागरीला शेकडो घरं लागायची. अण्णांना पुढे एका डीटीपी सेंटरमध्ये मुद्रितशोधनाचं काम मिळालं. तिथे संगणक चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ मारायचा, पण फॉर्मच्या जागी फ्रॉम पडला तर गप्प राहायचा. ते अण्णा पकडायचे. सेंटरमधली मुलं त्यांच्याकडून वहीची झेरॉक्स करून घेऊन गेली.

२०१५ मध्ये न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. सुमारे नऊ आठवडे फ्रेंच शब्दांची यादी वाचून ते उतरले आणि जिंकले. पुढे २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच केलं. पहिली बातमी आली तेव्हा कित्येकांना ते विचित्र वाटलं, भाषा न येता भाषेच्या खेळात जिंकणं म्हणजे काय, असं लोक विचारत होते. मी पुण्याला फोन करून अण्णांना सांगितलं. त्यांना त्यात विचित्र काहीच वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "फ्रेंचला जोडाक्षरं नाहीत ना?" नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग नऊ आठवडे पुरतील." त्यांनी चाळीस वर्षं अशीच काढली होती. परक्या भाषेचे शब्द आधी हाताला कळायचे, तोंडात कधी आलेच नाहीत, आणि तरी ते त्यांना जिवापाड सांभाळायचे. रिचर्ड्स यांच्याबद्दल वाचताना मला एखाद्या अनोळखी माणसाबद्दल वाचतोय असं वाटलंच नाही.

गेल्या दिवाळीत मी ती वही संगणकावर उतरवायला घेतली. कागद तपकिरी झालाय, शिवण सुटत चाललीय. शेवटची पानं आधी केली, कारण त्यांचे तुकडे पडत होते. पहिलं पान सगळ्यांत शेवटी उघडलं. इतकी वर्षं आम्ही ते कधी वाचलंच नव्हतं, खेळायला लागणारे शब्द पुढे होते. त्या पानावर एकच जोडी आहे, डेअरी आणि डायरी, इंग्रजी मोठ्या अक्षरांत. आणि डेअरी आडव्या रेघेने खोडलेला आहे, दोनदा, कागद फाटेल इतक्या जोराने.

मी भिंग घेऊन पाहिलं. अण्णा समोर बसून आपले खिळे लावत होते. खोडलेल्या शब्दाखाली, वेगळ्या शाईने, दर अक्षराखाली एक असे पाच ठिपके दिलेले होते.

हे कधी केलंत, असं विचारलं. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली नाही, उलट्या बाजूनेच वाचली. म्हणाले, आठवत नाही, पण ही जांभळी शाई छापखान्यातल्या शिक्क्याची, तेव्हा ९३ च्या आधीचं. मग ताईच्या नातीने पिशवी पुढे केली, तिने त्यांच्यासाठी दोन खिळे काढले, आणि त्यातला एक जाड होता.